फ्लिकरिंग की ट्रिपिंग

महाल भागातल्या वीजतक्रारीच्या खिडकीत तो कारकून बसतो. पेनाचं टोपण कानात फिरवत, मान वर न करता प्रत्येकाला एकच विचारतो, "फ्लिकरिंग की ट्रिपिंग?" तिसरा रकाना 'इतर'चा. 'इतर'साठी लाइनमन कधीच निघत नाही, हे आम्हा नेहमीच्या लोकांना ठाऊक आहे.

परवा माझ्यापुढे एक बाई होती. "दादा, सकाळपासून लाइट लुकलुक करून राहिली. माह्या माणसाले ऑक्सिजनची मशीन लावली हाये, ते घडीघडी बंद पडून राहिली."

"लुकलुक नाही चालत बाई. फ्लिकरिंग की ट्रिपिंग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात हाच कारकून चहावाल्याला म्हणत होता, "तुह्या टपरीतली लाइट काहून लुकलुकते गा?"

त्याने 'इतर'वर खूण केली. बाई समाधानाने गेली.

"फ्लिकरिंग," मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "पाहा, शिकलेल्या माणसाचं काम कसं पटकन होते!"

संध्याकाळी लाइनमन आला. आमच्या फाटकावरचा दिवा आता लुकलुकत नाही.