पुष्पांजलीचा डावा डोळा

माझ्या धाकट्या जावेला चहा ओतायला सांगू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. थोडा चहा कपात, थोडा बशीत आणि उरलेला ओट्यावर. पाहुण्यांसमोर सासूबाई हसून म्हणायच्या, "आमच्या पुष्पाचा हात मोठा हाये." पाहुणे उठले की फडकं मात्र तिच्याच हातात द्यायच्या.

पुष्पांजली बीबी गावची. माझ्या धाकट्या दिराशी, भागवतशी, लग्न होऊन डोणगावला आली. आमची घरं शेजारीशेजारी, मधे नुसतं तारेचं कुंपण. त्यामुळे तिच्या घरातलं मला माझ्या घरातल्यापेक्षा जास्त कळतं आणि मी ते कळून घेतेही. सकाळी म्हशीचं दूध, मग कुलदीप आणि अपेक्षा या दोन लेकरांचे डबे, त्यांच्या वेण्याफण्या नि बटणं, मग शेतातली मेथी-पालक उपटून जुड्या बांधणं आणि त्या बाजारात पोचवणं. दुपारी भाकरी पोटात पडायच्या आत कोणीतरी हाक मारायचंच. तिला दम खाताना पाहिलं असेल तर फक्त एसटीत. तिथं ती ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा धरायची आणि त्याचे हात पाहत बसायची. जागा रिकामी नसली तर पुढची गाडी येईपर्यंत थांबायची. मला याचा फार राग यायचा.

"काय पाहतं वं त्याच्या हातात?" मी एकदा विचारलं.

"ताई, येवढं मोठं धूड, अन् तो एका बोटानं वळवते," ती म्हणाली. "मलेही चालवाची हाये."

भागवतनं भाजी न्यायला छोटा हत्ती टेम्पो घेतला, तेव्हा महिन्याभरात दोन ड्रायव्हर पळाले. तिसरा शोधण्यापेक्षा पुष्पांजलीनं स्वतःच गाडी शिकून घेतली. लायसन एजंटानं काढून दिलं. डोळे तपासले का, असं कोणी विचारलंही नाही. गावातली पहिली बाई गाडी चालवणारी, म्हणून थोडे दिवस लोक दारात उभे राहून बघायचे. गाडी तिनं चांगली चालवली, मात्र मागं घेताना कशाला तरी लागायचीच. गोठ्याचा खांब, शाळेचं फाटक, एकदा सरपंचाच्या घरची तुळस. भागवत म्हणायचा, "बाईमाणूस हाये, चालतेच." हा भागवत स्वतः मोटारसायकलसकट कॅनॉलमध्ये गेलेला माणूस. त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

एसटीत बायकांनाही ड्रायव्हर म्हणून घेतात, हे कळल्यापासून मात्र तिला दुसरं काही सुचेना. मोठ्या गाडीचं लायसन काढायचं, मग भरती निघाली की अर्ज करायचा, असं तिनं ठरवून टाकलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. भागवत हो म्हणाला, कारण त्याला वाटलं हे वेड आपोआप उतरेल. लायसनसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत होतं. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, "ते मी पाहतो ना वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?" पण ही ऐकेना. एसटीवाले पुढं डोळे तपासणारच, तर आपणच आधी खात्री करून घेऊ, असं तिचं म्हणणं. मलाही पोथी वाचताना अक्षरं पळायला लागली होती, म्हणून आम्ही दोघी मेहकरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. चष्मा लागायचा तर मला लागणार, याची मी मनाची तयारी केली होती.

डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. उजव्यानं तिनं भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचली. मला हेवाच वाटला. मग डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला.

तिनं मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

"कुठं पाहू?"

"समोर."

"समोर काय हाये?"

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मग समजावून सांगितलं. तिच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर होता. लहानपणीच मेंदूनं त्या डोळ्याकडे पाहणं सोडून दिलं आणि सगळं काम उजव्यावर टाकलं. उजवा धडधाकट, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. एक डोळा झाकून कोण कशाला पाहील? चहा बाहेर सांडतो, गाडी मागं घेताना अंदाज चुकतो, ते यामुळेच. अंतराचा नीट अंदाज यायला दोन्ही डोळे लागतात. लहानपणी चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी ठेवली असती तर डावा डोळा शिकला असता. आता चष्म्यानंही फारसा फरक पडणार नाही. मोठ्या गाडीचं सर्टिफिकेट आपण देऊ शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं. माणूस चांगला होता, सांगताना खाली पाहत होता.

मला जवळचा चष्मा मिळाला. तिला काहीच मिळालं नाही.

परतीच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा रिकामी होती. ती सरळ मागच्या बाकापर्यंत गेली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसले आणि माझा नवा चष्मा पिशवीत तळाशी ढकलला. गाडी निम्म्या रस्त्यात आली असेल, तेव्हा तिनं एकदम माझं मनगट धरलं.

"ताई, अपेक्षाही पाणी गिलासाच्या बाहेरच ओतते."

सहा वर्षांची अपेक्षा, पहिलीत जाणारी. पाणी सांडते, मान वाकडी करून टीव्ही पाहते, उंबऱ्याला अडखळते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. 'आईवर गेली' म्हणून आम्ही सगळे त्यावर हसायचो.

घरी पोचल्यावर तिनं पायसुद्धा धुतले नाहीत. आधी कुलदीपला समोर बसवलं, एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली. त्याचं ठीक होतं. मग अपेक्षा. डावा डोळा झाकला तर ती खुशाल बसून राहिली. उजवा झाकला तशी तिनं आईचा हात ओढला, नखं लावली आणि ओरडायला लागली, "काढ न वं! मले दिसून नाही राह्यलं!"

"नाटकं पाहा पोरीचे," सासूबाई हसून म्हणाल्या. पुष्पांजलीनं हात काढला आणि लेकीला पोटाशी धरून बसली. मेहकरला न रडलेली बाई तिथं रडली.

दुसऱ्याच दिवशी अपेक्षाला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिच्या डाव्या डोळ्याला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नव्हतं. पण अजून वेळ गेलेली नाही, फक्त आता एक दिवसही टाळू नका, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा दिला आणि उजव्या डोळ्यावर रोज चिकटवायच्या पट्ट्या दिल्या.

पट्टी चिकटवणं सोपं, ठेवणं अवघड. लेकराचा दिसणारा डोळा बंद केल्यावर ते कसं गप्प बसेल? अपेक्षानं पहिली पट्टी बकरीला खाऊ घातली. दुसरी बाजेखाली चिकटवली. शाळेत पोरं तिला 'काणी' म्हणाली, म्हणून ती शाळेलाच जाईना. सासूबाईंचा जीव वेगळाच तुटत होता. "धडका डोळा बांधता अन् आंधळा उघडा ठेवता? हा कुठचा इलाज? हाये तोही जाईन पोरीचा!" त्यांचं चुकत होतं, पण त्यांना काही मी दोष देत नाही. ऐकायला ते उफराटंच वाटतं.

आठवडाभर रोज रडारड. मग एका दुपारी पुष्पांजलीनं एक पट्टी काढली आणि आपल्याच उजव्या डोळ्यावर चिकटवली.

"चाल, आता आपण दोघीही काण्या," ती लेकीला म्हणाली. "पाहू कोण पयले जुडी बांधते."

त्या दुपारी मेथीच्या ज्या जुड्या झाल्या, त्या कोणी फुकटातही नेल्या नसत्या. एकीचा दोरा दुसरीच्या बांगडीत, अर्धी मेथी जमिनीवर, आणि अपेक्षा हसून हसून लोळत होती. पट्टी मात्र डोळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पट्टी मागितली, पण अट एकच, आईनंही लावायची.

मग ते रोजचंच झालं. पट्टी लावून गाडी कशी चालवणार? म्हणून दुपारची फेरी भागवतकडे गेली. तो कुरकुरला, पण गेला. मायलेकी ओसरीवर बसून डाळ निवडायच्या, मणी ओवायच्या, पहिलीच्या पुस्तकातली चित्रं ओळखायच्या. पोरीसाठी बाई काय करेल सांगता येत नाही, असं गावात कौतुक झालं. मलाही तसंच वाटत होतं.

एकदा मी कुंपणाच्या तारेवरून पापडाचं ताट द्यायला गेले, तर अपेक्षा झोपली होती. पुष्पांजली एकटीच भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती, डोळ्यावर पट्टी तशीच. ती एक पाऊल पुढं जायची, पाहायची, एक पाऊल मागं यायची, पुन्हा पाहायची. मी ताट घेऊन परत फिरले. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांकडे फेऱ्या चालूच होत्या. वर्ष होत आलं तेव्हाच्या फेरीला मीही गेले. अपेक्षानं उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्यानं वाचायला सुरुवात केली. मोठं अक्षर वाचलं, त्याखालची ओळ वाचली, त्याच्याखालची वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीला अडखळली, तरी डॉक्टर खुर्चीवरून उठले. "शाबास! डोळा शिकला की तुझा." मी मोठ्यानं रडले. मला लाज वगैरे वाटली नाही.

"आता आईचा पाहा," अपेक्षा म्हणाली. "तिनंही रोज लावली."

डॉक्टर हसले. "बघू या, बसा."

"नाही नाही, माहं काय," असं पुष्पांजली म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता खुर्चीवर बसलीसुद्धा. पदर नीट केला आणि स्वतःच उजवा डोळा झाकून घेतला. डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी काडी सगळ्यात वरच्या अक्षराखाली ठेवली.

ती पाहत राहिली. मान कलवली. पुन्हा पाहिलं.

अपेक्षा टाचा उंचावून आईच्या कानाशी गेली. "ग," ती कुजबुजली. खोलीभर ऐकू गेलं. "म्हण न आई, ग."

पुष्पांजलीनं हात खाली घेतला. "नाही दिसत, डॉक्टरसाहेब. राहू द्या."

अपेक्षाला ते पटलं नाही. ती धावत तक्त्याजवळ गेली आणि त्या अक्षरावर बोट ठेवून आईकडे वळली. "हे पाह्य, हे. येवढं मोठं तर हाये."