गॅसची गोळी

माझ्या पोटातली गाठ काढून आता काही वर्षं झाली. स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या भागात ती होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तो भाग आणि त्याला लागून असलेली प्लीहा, दोन्ही काढून टाकलं. गाठ हळू वाढणाऱ्या जातीची निघाली. केमो नाही, रेडिएशन नाही. ठरलेल्या वेळी पोटाचं स्कॅनिंग, रक्ताची तपासणी, साखरेवर लक्ष, आणि ताप आला तर अंगावर न काढता लगेच दवाखाना, कारण प्लीहा नसली की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. माझा इलाज म्हणाल तर एवढाच.

हे लोकांना समजावताना माझं डोकं फिरतं. कॅन्सर होता का, असं विचारतात. हो म्हटलं की तोंडं उतरतात. मग औषध काय चालू आहे? काहीच नाही म्हटलं की लगेच, "अवो मॅडम, म्हंजे तुम्ही बऱ्या झाल्या ना!" बरी झाले असते तर नागपूरला काय हवापालटाला जाते मी? रोहण्याच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथल्या एका बाईंनी माझ्यासाठी केळझरच्या गणपतीला नवस बोलला आणि फेडलाही. आम्ही बौद्ध, हे त्यांना चांगलं ठाऊक. पेढा हातावर ठेवताना त्या जरा बिचकल्या. मी तो साखरेचा विचार न करता खाल्ला. माझ्या जिवासाठी कोणी एवढं करतं, हे मला आवडलं होतं.

घरी, आर्वीत, मी आणि आई दोघीच. मी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ होता, तो ऐन तिशीत गेला. काविळीचं निमित्त झालं. त्याच्यानंतर आई घरात हळू आवाजात बोलू लागली, ती आजतागायत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती रडली नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा तिनं माझे पाय चादरीवरूनच चाचपून पाहिले आणि बाहेर जाऊन बसली. तपासणीला मी तिला नेत नाही. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर मला घाबरताही येत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नात पाटवडी-रस्सा जरा जास्तच झाला आणि माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. आईनं औषधाच्या दुकानातून गॅसची गोळी आणवली. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी, उपाशीपोटी, ती माझ्या तळहातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. जळजळ केव्हाच थांबली होती. गोळी थांबली नाही. आमच्याकडे कोणाचीच थांबत नाही. ज्याच्या घरी जावं तिथे फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी तिचं पाकीट असतंच. ऑपरेशनच्या वेळी आईला माझ्यासाठी काही करता आलं नव्हतं. ही गोळी तिच्या हातची होती, म्हणून मीही मुकाट्यानं घेत राहिले.

यंदाच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट आधी आला, मोबाईलवर. अशा गाठींवर नजर ठेवायला रक्तातलं एक प्रथिन मोजतात. दर वेळी तो आकडा मर्यादेत असायचा. या वेळी तो दुपटीहून वर होता, ठळक अक्षरात. मी मधल्या सुट्टीत वर्गात एकटीच बसले होते. मोबाईल पालथा ठेवला, फळा पुसला, पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली होती. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. आईला सांगितलं, रिपोर्ट यायचा आहे. रात्रीच्या भाकरी थापता थापता ती माझ्याकडे पाहायची आणि काही विचारायची नाही. मला तिचा राग यायचा. ती विचारत नव्हती म्हणूनच यायचा.

नागपूरला डॉक्टरांनी आधी स्कॅन पाहिला. त्यात नवं काही दिसत नव्हतं. मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुसरी कोणती औषधं घेता?"

"काही नाही."

"नक्की?"

मला चीड आली. शाळेत मुलांना मीही असंच विचारते. "नक्की," मी म्हणाले.

"ॲसिडिटीची गोळी?"

"गॅसची ना? ती घेते. ती तर सगळेच घेतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ओरडतात की हसतात, मला कळेना. मग त्यांनी शांतपणे समजावलं. त्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि रोज घेत राहिलं की तेवढ्यानंच हा आकडा चढू शकतो, गाठ नसली तरी. "चढू शकतो म्हणालो," ते म्हणाले. "त्यामुळेच चढलाय असं अजून म्हणत नाही. गोळी बंद करा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, रक्त पुन्हा द्या. तेव्हाही वरच राहिला तर पुढचा मोठा स्कॅन करू."

घरी आले ती तणतणतच. चपलाही काढल्या नाहीत. "आई, थे गोळी उद्यापासून बंद."

"काऊन?"

मी सांगितलं. आकडा वाढल्याचंही सांगून टाकलं, आता लपवण्यात अर्थ नव्हता. आईनं सगळं ऐकून घेतलं, पण मी बोलले एक आणि तिच्या मनात उतरलं दुसरंच.

"म्हंजे म्या तुले रोज जहर देऊन राह्यलती काय?"

"काईबी काय बोलतं आई! गोळीनं गाठ नाई होत. फक्त रिपोर्टात आकडा खोटा दिसते."

"मंग डॉक्टर खरा कोनता म्हनते?"

मी चपला काढू लागले. ती उठून मोरीत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. गोळी सोडल्यावर जळजळ पूर्वीपेक्षा जोरात उसळली. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, तरी प्रत्येक कळ मला गाठीचीच वाटायची. सकाळी आई सवयीनं माझ्यासमोर येऊन उभी राहायची. हाताचं काय करावं हे तिला सुचायचं नाही. मग ती माझ्या खांद्यावरचा पदरच नीट करायची. एकदा मी चिडून म्हणाले, "उगी काऊन उभी राह्यतं?" ती बाजूला झाली. तिनं मुलगा पोचवला होता आणि आता ती माझ्याकडे पाहत होती. मला तेव्हा मरणाची भीती कमी आणि तिच्या नजरेची भीती जास्त वाटत होती.

रक्त पुन्हा दिलं. रिपोर्ट आला तेव्हा मी आर्वीच्या स्टँडवर नुकतीच उतरले होते. आकडा मर्यादेत होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. मग गोळीचंच काम होतं ते. आता सहा महिन्यांनी या." मी स्टँडच्या बाकावर बसून रडले. कापसाची गाठोडी घेऊन बसलेल्या दोन बायांनी मला पाणी दिलं.

आई दारातच होती. "आला खाली," मी सांगितलं. ती तिथंच खाली बसली. मीही तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"मंग आता झालं ना सारं?"

"नाई आई. सहा महिन्यांनी पुन्हा जा लागते. मंग पुन्हा. असंच चालते हे."

"किती सालं?"

"लई सालं."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले एक खरं सांगजो. तू माह्याआधी तं नाई जाऊन राह्यली ना?"

आजवर कोणी खोटा दिलासा दिला की माझं टाळकं सरकायचं. लोकांना मी तोंडावर सांगायचे, हा आजार असा बरा-बिरा होत नाही, उगाच गोड बोलू नका. डॉक्टरांनाही याचं उत्तर देता आलं नसतं.

"नाई जात," मी म्हणाले.