तिकीट न काढता

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांपुढे प्रार्थनेला उभी होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "काल सांजच्याला तलावावर फिरून आली होती. आपल्या पायानं." दादा म्हणजे माझा मामेभाऊ, आणि गेली ती माझी, राज्याच्या सीमेपलीकडच्या सौंसरची मामी. तिचं हृदय थकलं होतं, एकटीनं घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मामीनं कोणाची मनाई मानल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही...

गावाबाहेर तलावाकाठी जी बाग आहे, तिच्यात पाण्याला धरून एक फिरायची वाट आहे. सपाट, सावलीची, म्हातारी माणसं सहज चालतील अशी. तिथल्या पाटीवर 'सुगम पथ' असं लिहिलंय. ते वाचून मामी दर वेळी हसायची. कारण ती वाट जिथं वळते, तिथंच पाण्याखाली मामा-मामीचा संत्र्याचा बगीचा आहे. 'होता' असं ती कधी म्हणाली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसतं मुरमाड वावर, कोरडं शेत होतं. विहिरीला पाणी लागेपर्यंत दोघांनी नाल्यावरून घागरी वाहून कलमं जगवली. चुंबळीखालचे तिचे केस गेले ते पुन्हा नीट आलेच नाहीत, असं माझी आई सांगायची. झाडांना पहिला बहार आला आणि त्याच वर्षी तलावाचं काम पुरं होऊन पाणी चढलं. मामी कमरेइतक्या पाण्यात उतरून संत्री तोडत राहिली, शेवटी घरच्यांनी तिला ओढून काढलं. त्यातलं एक फळही तिनं विकू दिलं नाही, सगळी गावात वाटली. पुढे मोबदला मिळाला, रामाकोना गावाकडे दुसरी जमीन घेतली. मामानं पुन्हा कधी त्या बाजूला पाहिलं नाही.

मामा गेल्यावर मामी रोज तिथं जायला लागली. तोवर बाग झाली होती, फाटक लागलं होतं. जुना चौकीदार तिला ओळखायचा, तिकीट न मागता आत सोडायचा. मग नवा आला. त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. त्यानं तिकीट मागितलं, मामी ऐकलंच नाही अशी पुढे निघाली, तेव्हा त्यानं हात आडवा केला. मी पर्स उघडली तर तिनं माझं मनगट धरलं.

"ठेव ते. आपल्या वावरात जायाले तिकीट कायचं?"

तो समजावत राहिला की आजी, नियम सगळ्यांना सारखा आहे. मामी फाटकातच मांडी घालून बसली. मागे नागपूरहून सहलीला आलेली माणसं खोळंबली, कोणी हसलं, कोणी चिडलं. शेवटी आतून बागेचे साहेब आले. भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला की अम्माजींना जन्मभराचा पास बनवून देतो, एकही पैसा नको. मला वाटलं, सुटलो.

"पास घेतला म्हंजे वावर तुमचं झालं, साहेब," मामी म्हणाली. "मी तुमाले हाकलून नाई राहिली. तुमी फिरा, लोकाइले फिरू द्या. पन मले इचारू नका."

साहेब स्वतःच वाटेतून बाजूला झाले. त्यानंतर तिला कोणी अडवलं नाही.

तेरवीला आलेले लोक म्हणत होते, बाई मोठी सोशिक होती. मला ते बसून ऐकवेना. सोशिक नव्हती ती. तिचं जे गेलं ते भरून आलं नव्हतं, आणि भरून आलं असं तिनं कोणाला म्हणूही दिलं नाही. शेवटच्या महिन्यात दादा तिला म्हणाला होता की आता तरी हा हट्ट सोड, वाटेत काही झालं म्हणजे? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "झालं तं वावरात होईन. तू काऊन भेऊन राहिला?"

मागच्या आठवड्यात मी एकटीच गेले. फाटकातून तशीच आत शिरले. मामीची एक सवय होती... वाट वळून पाण्याजवळ येते तिथं ती चपला काढून हातात घ्यायची आणि तेवढा तुकडा अनवाणी चालायची. का, ते कोणाला सांगायची नाही. त्या संध्याकाळी माझ्या पुढे चालणाऱ्या दोन बाया त्याच जागी थांबल्या, वाकल्या आणि चपला हातात घेऊन पुढे गेल्या. त्यांना मी ओळखत नव्हते. मीही वाकले, तेवढ्यात मागून आलेली एक मुलगी बुटाची नाडी सोडत हळूच म्हणाली, "काकू, इथं कोनता देव हाय? सगळ्या काढतात म्हनून मी पन काढते."

"देव नाई व बाई," मी म्हटलं. "वावर हाय. संत्र्याचं."