फोटोत आलेला दादा

माझा थोरला भाऊ अमेरिकेत असतो. दर नाताळला त्याच्याकडून फोटोचं कार्ड येतं. दादा, वहिनी, दोन पोरं आणि कुत्रा, सगळ्यांच्या अंगात एकसारखे लाल स्वेटर. कुत्र्याच्याही. आम्ही पिढ्यानपिढ्या गणपती बसवणारे, पण तिकडे सगळेच पाठवतात म्हणून हाही पाठवतो. स्वतः मात्र पाच वर्षांत फिरकला नव्हता. आई कार्डात पोरांची उंची किती वाढली ते बघायची आणि मला विचारायची, "हा कधी येते म्हन्ते?"

मागच्या साली तिनेच टुमणं लावलं. शेजारचं आलेलं भांडं आपण कधी रिकामं धाडत नाही, मग कार्डाला कार्ड नको? बाबांना पटलं. ते दोघं, मी आणि बायको, कडक इस्त्रीचे कपडे घालून बुलढाण्याच्या स्टुडिओत जाऊन बसलो. फोटो निघणार, तेवढ्यात बाबा उठले.

"मोठा पोरगाच नाही, तं घरचा फोटो कायचा?"

स्टुडिओवाला दिवसभर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणसं चिकटवणारा. "लावून देतो नं काकाजी," म्हणाला. आईने नमुन्याला सोबत आणलेल्या कार्डातून त्याने दादा कापला आणि बाबांच्या मागे उभा केला. लाल स्वेटरमध्ये, खांद्यावर कुत्र्याचा पंजा.

"पंजा काढला तं खांदा जाते," तो म्हणाला.

"राहू दे. खांदा पाह्यजे."

मी कपाळाला हात लावला.

एक प्रत अमेरिकेला गेली, एक आमच्या बैठकीत लागली. मोताळ्याचे मामा आले, त्यांनी फोटो पाहिला आणि रुसले. भाचा येऊन गेला अन् मामाला भेटला नाही म्हणजे काय? बाबांनी खरं सांगायचं सोडून "घाईत होता" म्हणत वेळ मारून नेली. मामा चहा न घेता गेले.

नाताळात दादाचं कार्ड आलं. या खेपेला लाल स्वेटर सात होते. आमच्या फोटोतले आई-बाबा उचलून त्याने आपल्या पोरांच्या मागे उभे केले होते. मी आणि बायको गायब. मला रागच आला. बाबा मात्र खुशीत होते, लाल रंग आपल्याला शोभतो म्हणाले.

आईने कार्ड बराच वेळ हातात धरलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आता त्याले यायचं कामच नाही उरलं."