सुनेनं उठवलं म्हणून

अंगणात घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन करून मी वेल्ह्याला घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, नुसतं पडून राहिलात तर पायात रक्ताची गुठळी होईल, ती फुप्फुसात गेली तर जीव जाईल; पोटात इंजेक्शन घ्या आणि चाला. सून रोज इंजेक्शन द्यायची, वॉकर धरून चालवायची. मी कळवळून तिला शिव्या द्यायचे, पण उठायचे. बघायला येणाऱ्या बायका बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवून तिलाच बोल लावायच्या, “म्हातारीला घटकाभर पडू बी देत न्हाईस व्हय गं?” ती वॉकर माझ्यापुढं सरकवायची. एकदा मीच वॉकर ओढला, उभी राहिले आणि त्यांना म्हणाले, “मला आडवी बघायची हौस असंल, तर तिरडी बांधल्यावर या.”