आमच्या ओट्यावरचा नव्या अनुभवांचा आठवडा

"पोरगी वाईट नाही वो, पण तोंडच उघडत नाही. ठेवून पाहू एक आठवडा. नाही जमलं तं राहू देऊ."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, माझ्याबद्दल होतं. मी भिंतीच्या अलीकडे चपलेचा पट्टा नीट करत होते आणि पलीकडे रेखाताईच्या ओट्यावर वंदना वहिनी माझा निकाल लावत होत्या. कुकर घ्यायचा असला तरी माणूस थोडा जास्त विचार करतो!

तरी मी ओट्यावर गेले, हसले आणि बसले. जाणार कुठं? लग्नाला तीन महिने झालेले. नवरा सकाळी शाळेवर जातो, तो दिवेलागणीला येतो. सासूबाई जेवल्या की झोपतात. पिंपळगाव राजाच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या या गावात माझ्याशी बोलणारा तो एकच ओटा होता. तो गेला असता, तर दुपारी दोननंतर मी आणि छताचा पंखा.

बोलणाऱ्यांचे किस्से बोलण्यात उडून जातात. गप्प बसणाऱ्याकडे मात्र ते साठत राहतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. माझ्याकडे एका आठवड्यात इतके साठले की आता झाकण लागेना.

त्या आठवड्याला कारण झाली ज्योती. आमच्यातली सगळ्यात लहान. तिच्या हातातून मोबाइल फक्त पोळ्या लाटताना सुटतो. तिनं कुठंतरी वाचलं, रोज एक नवा अनुभव घ्या, माणूस ताजा राहतो.

"मंग आपून बी घेऊ!" वंदना वहिनी म्हणाल्या. त्यांचं वजन असं की त्या म्हणाल्या म्हणजे ठरलं. "रोज एकीची पाळी. रविवारी दुसरबीडची."

दुसरबीड म्हणजे मी. माहेरच्या गावावरून. तीन महिन्यांत माझं नाव विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

■

सोमवारी ज्योतीची पाळी. फाट्यावर उभं राहायचं, पाटी न वाचता, येईल त्या पहिल्या एसटीत बसायचं!

चालत फाट्यावर गेलो. गाडी आली. वंदना वहिनींनी कोपरं मारत आत शिरून खिडकीवर रुमालही टाकला. ज्योतीनं व्हिडिओ सुरू केला, "फ्रेंड्स, आम्ही कुठं जाऊन राह्यलो, आमचं आम्हालेच माहीत नाही!"

पाच मिनिटांत गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "उतरा बाई. गाडी इथंच मुक्कामी हाय."

खाली पाहिलं तर आमचाच स्टँड. बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "कुठून आल्या वो सूनबाई?"

वंदना वहिनी ताठ मानेनं म्हणाल्या, "बाहेरगावून!"

■

मंगळवारी रेखाताईनं मौन काढलं. पूर्ण एक तास. टायमर माझ्या मोबाइलमध्ये, कारण मी विश्वासू.

पहिलं मिनिट छान गेलं. दुसऱ्यात वंदना वहिनी भुवयांनी बोलू लागल्या. तिसऱ्यात समोरच्या घरची सून हातात बॅग घेऊन एकटीच बाहेर पडली.

"एकटीच?"

"बॅग घेऊन?"

"म्या तं दिवाळीतच म्हटलं होतं!"

दोन मिनिटं चाळीस सेकंद. पुढं बॅगेत फॉल-पिकोला टाकायच्या साड्या निघाल्या, पण तोवर या तिघींनी त्या बिचारीचा संसार मोडून तिला माहेरी पोचवलं होतं.

मी मात्र गप्पच होते. तासाभरानं टायमर वाजला, तशा सगळ्या दचकल्या. "हे काय वाजून राह्यलं?"

मी मोबाइल दाखवला. वंदना वहिनींनी कॉपी करणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "तुह्यं काय वं त्याच्यात? तुले तं सवयच हाय!"

■

बुधवारी वंदना वहिनींचं फर्मान निघालं, नवऱ्याला नावानं हाक मारायची. ती पण चारचौघांत, ओट्यावरून. आणि मारायची रेखाताईनं!

रेखाताईच्या नवऱ्याचं नाव गजानन. आठ वर्षं ती त्यांना 'आयकलं का' म्हणते. ते कोपऱ्यावरच्या पानटपरीजवळ बसलेले. हिनं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि असा आवाज काढला की लिंबावरचे कावळे उडाले.

"गजानन!"

आता आमच्या जिल्ह्यात हे नाव किती घरांत आहे, हे हिला कुणी सांगायला हवं होतं का? टपरीवरचे दोघं उठले. सायकलवरच्यानं पाय टेकला. समोरच्या गच्चीवरून एकानं "काय झालं वो?" विचारलं. शेजारचे रिटायर मास्तर तर चष्मा शोधत बाहेर आले.

उठला नाही तो एकच, हिचा. त्यानं पानाचा तोबरा सांभाळत शेजारच्याला ढोसलं, "जाय ना बे गजानन, तुह्या घरचं कोणी बोंबलून राह्यलं."

रेखाताई मटकन बसली. "आठ वर्षांत पह्यल्यांदा नाव घेतलं वो, अन् आले कोण? दुसऱ्यायचे नवरे!"

■

गुरुवारी पुन्हा ज्योती. शेतात फोटोशूट! वंदना वहिनींचं वावर कापसानं पांढरं झालेलं. चौघी जरीच्या साड्या नेसून गेलो, ज्योतीच्या डोळ्यांवर गॉगल.

वावरात वहिनींच्या सासूबाई मजूर बायांबरोबर कापूस वेचत होत्या. त्यांनी ज्योतीला खालून वरपर्यंत पाहिलं.

"दिसते का वं त्या काळ्यातून?"

"हाव, दिसते ना काकू."

"दिसते तं मंग हे ओळ धर."

आणि चौघींच्या कमरेला कापसासाठी फडकी बांधली. दिवस मावळेपर्यंत वेचत होतो. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. सगळ्यात हळू हात वंदना वहिनींचा, आणि सासूबाई दर दहा मिनिटांनी मजूर बायांना ते सांगत होत्या. वहिनी मान खाली घालून वेचत राहिल्या. ओट्यावरचा आवाज वावरात अजिबात चालत नव्हता!

ज्योतीनं तरी फोटो टाकलाच, 'मातीशी नातं' लिहून. खाली तिच्या नणंदेनं लगेच लिहिलं, "उद्या आमच्याकडे ये. पाच एकर बाकी आहे."

■

शुक्रवारी रेखाताईनं खामगावला मोमो खायला नेलं. वंदना वहिनींनी पहिला मोमो नखानं उघडून तपासला.

"याच्यात तं पत्ताकोबी हाय! पत्ताकोबी खायले आपून खामगावले आलो?"

रेखाताईनं पर्समधून डबी काढली. ठेचा. बाहेर निघताना बायका रुमाल घेतात, ही ठेचा घेते. मग सगळ्यांनाच मोमो आवडू लागले. मोमोच्या गाडीवाल्यानं पण बोटभर चाटून पाहिला. शेवटी प्लेटमध्ये मोमो तसेच, डबी चाटूनपुसून साफ.

"पाह्यलं? नवीन खायले काही वाईट नसते!" वहिनी म्हणाल्या.

■

शनिवारी ज्योती सोनाळ्याला माहेरी गेली, म्हणून नवा अनुभव रद्द झाला. संध्याकाळभर ज्योतीबद्दलच बोलणं झालं. तिचा गॉगल, तिचा खर्च, तिच्या पोळ्यांचा आकार. रविवारी ती आली तेव्हा वंदना वहिनी तिला म्हणाल्या, "तुह्याबिगर करमलंच नाही वं बाई!"

ते मात्र खरं होतं.

■

रविवार माझा. आठवडा संपत होता आणि मी अजून चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते. आज नाही तर सोमवारपासून पंखा, हे मला पक्कं माहीत होतं.

आमच्या ओट्यावर एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, पाहून कळते. आधी कुणी उठायचं नाही. जी उठते, तिच्यावर बाकीच्या सुरू होतात. म्हणून सातच्या सुमारास सगळ्या एकमेकींकडे पाहतात, "चला मंग" म्हणतात, आणि परेडसारख्या एकदम चपला घालतात. एकदा रेखाताईचं दूध उतू गेलं, करपल्याचा वास ओट्यापर्यंत आला. स्वयंपाकघर मागंच, दहा पावलांवर. ही हलली नाही. दूध गेलं तर गेलं!

"हं, दुसरबीड," वंदना वहिनी मांडी घालत म्हणाल्या, "सांग बाई तुह्यं. का आज बी मौनच?"

ज्योती हसली.

"सोपं आहे," मी म्हटलं. "एकीबद्दल आपण तिच्या मागं जे बोलतो, तेच आज तिच्यासमोर बोलायचं. तिच्याकडे पाहून."

रेखाताई खो खो हसली आणि आपण एकटीच हसतोय हे कळल्यावर मध्येच थांबली. ज्योतीनं मोबाइल पालथा ठेवला. आठवड्यात पहिल्यांदा.

"बरं, पह्यले कोणाबद्दल?" रेखाताईनं हळूच विचारलं.

कुणी नाव घेतलं नाही. फक्त आम्हा तिघींच्या माना एकाच दिशेला वळल्या.

तेव्हा जेमतेम साडेपाच वाजले होते. वंदना वहिनी उठल्या. पायानं चप्पल चाचपत म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. मले भाजी टाकाची हाय."

मी त्यांची चप्पल अलगद बाजूला सरकवली.

"बसा ना वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर बोलायचं, तर त्यात नवीन काय?"