किरकोळ जखमी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना सगळी इमारत ‘संपादक’ म्हणते. ते संपादक कधीच नव्हते. वर्तमानपत्राच्या कचेरीत आलेल्या बातम्या कापून-तासून छापण्याजोग्या करायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त झाले तरी बोलणं तेच राहिलं. नळाला पाणी आलं नाही की ते ‘पाणीपुरवठा विस्कळीत’ म्हणणार. तळमजल्यावरचा शिंपी त्यांना जिन्यात गाठून विचारतो, “काय संपादक, आज काय विस्कळीत?”

काकू गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते दारातच सांगत होते, “अल्पशा आजाराने.” काकू वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं न्हाणं-खाणं काकांनी एकट्याने केलं होतं. पण तसं ते बोलले नाहीत, मग लोकांनीही विचारलं नाही. माना हलवून सगळे पांगले, आणि तेव्हापासून वरच्या घरात फक्त रेडिओचा आवाज असतो.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर एका मोटरसायकलने त्यांना उडवलं. उजवं मनगट मोडलं. संध्याकाळी गळ्यात हात अडकवून एकटेच जिना चढून आले. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले, तर ते ज्यात काम करायचे तोच पेपर टेबलावर पसरलेला. आतल्या पानावर बारीकशी बातमी: मोटरसायकलच्या धडकेत ज्येष्ठ नागरिक किरकोळ जखमी.

“किरकोळ?” मी म्हटलं. “हाड मोडलंय तुमचं.”

“दवाखान्यातून त्याच दिवशी घरी सोडलं की किरकोळ. डेस्कवरचा नियम आहे. मीच घालून दिलेला.”

“आणि नाव?”

“किरकोळला नाव लागत नाही.”

शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. मी जरा पुढे झाले, तसे ते मागे सरकले. ओट्यावर दुधाची पिशवी दातांनी फाडलेली दिसत होती. निम्मं दूध ओट्यावरच वाळलं होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात असते. काकांनी फोन टेबलावर ठेवून डाव्या अंगठ्याने स्पीकर लावला.

“बाबा, मोबाइलवर आपला पेपर वाचला. आपल्याच कोपऱ्यावर अपघात झालाय ना? तुमच्या ओळखीचं होतं का कोणी?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “अधिक तपशील मिळालेला नाही.”

“जपून जात जा हं. आणि ऐका ना, मी रविवारी येणार होते, ते राहू दे का? इकडे फार गडबड चाललीय. तुम्ही बरे आहात ना?”

“प्रकृती स्थिर आहे.”

ती हसली. “काय हो बाबा तुम्ही. बरं, मग सुट्टीतच येते.”

फोन बंद झाला. रविवारची वाट ते महिनाभर बघत होते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, “मी लावते परत. सांगते तिला.”

“नको. बातमी माझी आहे.” जरा वेळाने फोन माझ्याकडे सरकवत म्हणाले, “तुम्ही फक्त टाइप करा. वडिलांना किरकोळ दुखापत झाली असून उपचार सुरू आहेत. चिंतेचे कारण नाही.”

मी हात आवरला. “काका, कारण नाही तर ती येईल कशाला?”

ते खिडकीकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मग म्हणाले, “खोडा सगळं.”

“खोडलं.”

“लिहा. मला बटणं लावता येत नाहीत.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.” मी पाठवणार, तोच त्यांनी डावा हात वर केला. “थांबा. ‘ये’ म्हणून लिहा.”

चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तेवढे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. कापण्यासारखं काही सापडलं नाही बहुतेक. अंगठा बराच वेळ फोनवर नुसता धरून ठेवला, आणि मग दाबला.

फोन लगेच वाजला. त्यांनी पुन्हा स्पीकर लावला. मी कपबशी उचलली.

“बाबा, तो माणूस तुम्हीच होतात?”

मी दार ओढून घेतलं. जिन्यावर पाऊल टाकताना कान तिकडेच होते. मग काकांचा आवाज आला.

“हो गं, मीच. दुखतंय.”